डोंगर पाहिला, माणूस राहिला

वाचकहो, चिंचपोकळीचा माणूस तुम्हाला डोंगराच्या गोष्टी सांगायला बसला आहे, हे पाहून तुम्हाला हसू येईल. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरामागेच डोंगर आहे. सकाळी दार उघडले की तो समोर उभा असतो. गुरे त्याच्यावर चरतात, सरपण त्याच्यावरून येते आणि पाऊस कधी येणार हे त्याच्या माथ्यावरच्या ढगांवरून तुम्हाला कळते. आमच्या चिंचपोकळीत यातले काय आहे? भायखळा आणि करी रोड यांच्या मधले आमचे छोटे स्टेशन. जलद गाडी इथे थांबत नाही. माझ्या लहानपणी जिकडे पाहावे तिकडे गिरण्यांची धुराडी दिसत. चढ म्हणाल तर दोनच, एक रेल्वेच्या पुलाचा आणि दुसरा चाळीच्या जिन्याचा.

तरीही डोंगर मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या चाळीच्या गच्चीवरूनच. दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाने हवा धुऊन निघालेली असे. अशा सकाळी पूर्वेला, गोदीच्या आणि खाडीच्या पलीकडे, एक निळसर रेघ दिसे. वडील मला कडेवर घेऊन म्हणत, "ते बघ डोंगर. त्यांच्या पलीकडं आपलं गाव." आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. वर्षातून एकदा, जत्रेला, आम्ही तिकडे जात असू. उरलेले सारे वर्ष गाव म्हणजे ती निळी रेघ.

आज सांगायची आहे ती त्याच रेघेतल्या एका डोंगराची गोष्ट. ती माझ्या कौतुकाची नाही, चुकीची आहे. पण एकाची चूक दुसऱ्याच्या उपयोगी पडते, म्हणून सांगतो.

सोमवारची छाती

१९७६ साली, एकोणिसाव्या वर्षी, मी गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. काम कार्डिंग खात्यात. तिथे कापूस पिंजला जातो आणि त्याचा बारीक भुगा सदा हवेत तरंगत असतो. सुट्टीचा दिवस संपवून पाळीवर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होई. आठवडा सरत आला की जरा बरे वाटे. पुन्हा सोमवार आला की पुन्हा तेच. डॉक्टर लोक या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. आमच्या खोलीत त्याचे नाव होते 'सोमवारची छाती'.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याचे पुढे काय झाले हे मी तुम्हाला सांगायला नको. कदाचित तुमच्याच घरातले कोणी त्या साली मुंबईहून पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचे गावी परतले असेल. मी मुंबईतच राहिलो आणि लालबागला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला लागलो. पगार कमी होता, पण कापसाचा भुगा नव्हता. छाती दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या हवेत चालत जा. सावकाश चढ चढ. पण ओझं उचलू नकोस."

त्याच सुमारास चाळीतले एक शेजारी गावी निघाले होते. त्यांनी आपला आगफा क्लिक थ्री कॅमेरा मला तीस रुपयांत दिला. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. हातात मावणारा, काळा, साधा. फिरवायला त्यात फारसे काही नव्हतेच. ऊन असेल तर उन्हाची खूण आणि ढग असतील तर ढगाची खूण लावायची, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. एका रोलवर बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. रोल घेणे, धुऊन घेणे, छापून घेणे या साऱ्याला पैसे पडत. त्यामुळे एक खटका दाबण्याआधी दहा वेळा विचार व्हायचा.

माझ्यासारख्या अधू छातीच्या माणसाला डोंगरात कॅमेरा नेता येतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी एका दुसऱ्या अधू छातीच्या माणसाला आहे. जर्मनीत ऑस्कर बारनाक नावाचा एक यंत्रकारागीर होता. जन्म १८७९ सालचा. त्याला रानावनात हिंडून फोटो काढण्याचा नाद होता, पण दम्याचा विकार होता. त्या काळचे कॅमेरे म्हणजे मोठी लाकडी पेटी, तिची तिकाटणी आणि काचेच्या जड तबकड्या. ते धूड घेऊन चढताना त्याचा जीव मेटाकुटीला येई. मग त्याने सिनेमाची अरुंद फिल्म घेतली आणि ती बसेल असा खिशात मावणारा धातूचा कॅमेरा १९१४ च्या सुमारास तयार केला. निगेटिव्ह लहान आणि छपाई मोठी, अशी त्याची युक्ती होती. १९२५ साली तो कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. पुढे जगभर हलक्या कॅमेऱ्यांची जी वाट रुळली, तिचा उगम एका दमेकऱ्याच्या चढणीत आहे. हे मी वाचले तेव्हा मला वाटले, हा माणूस आपल्याच खात्यातला!

हलकी पिशवी, शांत डोंगर

मुंबईत गिरिविहारसारख्या संस्था १९५४ पासून तरुण मुलांना डोंगरात नेत आल्या आहेत. पण त्यांच्या वेगाने चालणे मला जमणारे नव्हते. मी आणि बांधणीखात्यातला माझा एक मित्र, असे दोघेच निघत असू. मित्राला कॅमेऱ्याचे वेड नव्हते. तो शिदोरी सांभाळी आणि मी दमलो की गोष्टी सांगे.

पिशवीत काय असावे हे मी हळूहळू शिकलो. पाणी कमी करायचे नाही. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन, पण ते जाताना जड असते आणि येताना नसते. भाकरी, चटणी, गुळाचा खडा. डोक्याला टोपी, अंगाला एक जास्तीचा सदरा. कॅमेरा जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेला. तिकाटणी कधीच नाही. कॅमेरा स्थिर ठेवायचा तर दगडावर फडके घडी करून ठेवावे, त्यावर कॅमेरा टेकवावा. नाहीतर झाडाच्या बुंध्याला पाठ लावावी आणि कोपर बरगडीशी घट्ट धरावे. पुढे क्लिक थ्री गेला, रोलचे दिवस गेले, छोटा डिजिटल कॅमेरा आला. आता तर मुलीने दिलेला मोबाइलच बरा वाटतो. पिशवी हलकी होत गेली तसतसा मी जरा लांब जाऊ लागलो.

आणि डोंगर निवडायचा तो शांत. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच. तिथे सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर माणसांच्या डोक्यांतून दरी शोधावी लागते. तिथले सौंदर्य खोटे नाही, पण माझी छाती रांगेत उभी राहायला तयार नसते. म्हणून ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही असा शेजारचा डोंगर मी धरीत असे. त्याच्यावर थांबावे, दम खावा, पुन्हा थांबावे, तर मागून कोणी "चला, पुढे सरका" म्हणत नाही.

उजेडाचेही शास्त्र तिथेच शिकलो. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या रसाच्या थरांवर थर बसून तयार झाला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती गोष्ट. म्हणून त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर असताना फोटो काढला तर या पायऱ्या दिसत नाहीत, सारा डोंगर भाकरीसारखा सपाट येतो. सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर येते आणि डोंगर उठून दिसतो. पावसाळा सरल्यावर हवा सर्वांत स्वच्छ असते. पुढे उन्हाळ्यात राब भाजण्याचा आणि वणव्यांचा धूर हवेत राहतो, लांबचे धूसर होते. हे सारे तुम्ही रोज पाहता. मी ते तिकीट काढून पाहायला येत होतो, एवढाच फरक.

"माझा एक काढ की"

इर्शाळगडावर मी पहिल्यांदा गेलो तो डिसेंबर १९८६ मध्ये. चिंचपोकळीहून धीम्या गाडीने कुर्ला, मग तिथल्या सोयीने पनवेल, तिथून एसटीने चौक आणि पुढे पायी. गडाची उंची ३,७०० फुटांच्या आसपास. एका अंगाला प्रबळगड आणि कलावंतीण, मागे माथेरान. गड म्हणून फार मोठा नाही. कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, सुळका आहे आणि त्या सुळक्याला आरपार भोक. डोंगरातल्या अशा भोकाला नेढे म्हणतात, म्हणजे सुईचे नाक.

गडाच्या अलीकडे, अर्ध्या चढावर, एक ठाकरवाडी होती. इर्शाळवाडी. कुडाच्या भिंतींची घरे, शेणाने सारवलेली अंगणे, काठीला टांगलेली काकडीच्या बियाण्याची फळे. मी धापा टाकीत पहिल्या घराच्या ओट्यावर बसलो. आतून एक म्हातारी आली. तिने न विचारता तांब्याभर पाणी पुढे केले.

"कुठनं आलास, बाबा?"

"मुंबईहून, आजी. चिंचपोकळीहून."

"ते कुठं आलं?"

"भायखळ्याच्या भाजीबाजाराजवळ."

"आमी आपलं पनवेलच्या बाजारापतुर जातो," ती म्हणाली. मग माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून हसली. "फोटूचं हाय का? माझा एक काढ की."

वाचकहो, माझ्या रोलमध्ये तीन फोटो उरले होते. ते तिन्ही मी नेढ्यासाठी राखून ठेवले होते. मी म्हणालो, "परत येताना काढतो, आजी."

"बरं, ये," ती म्हणाली, आणि जाताना मित्राच्या हातात एक काठी दिली.

वर जाण्याआधी वाडीच्या वरच्या अंगाने मागे वळून मी सुळक्याचा एक फोटो काढला. उजेड फार सुंदर पडला होता, मोह आवरला नाही. उरलेले दोन नेढ्यापाशी संपले. उतरताना ऊन कलले होते, चौकची एसटी चुकेल अशी भीती होती आणि रोल रिकामा होता. म्हातारीला काय सांगायचे? मी मित्राला म्हणालो, "घरांच्या मागून जाऊ." आम्ही मागच्या पायवाटेने उतरलो. काठीसुद्धा परत केली नाही. ती कितीतरी वर्षे आमच्या चाळीत कपडे वाळत घालायच्या कामी आली.

त्यानंतर मी इर्शाळला आणखी तीन वेळा गेलो. १९९३, २००४ आणि २०१५ साली. दर वेळी वाडीतून गेलो, दर वेळी कोणी ना कोणी पाणी दिले. १९९३ साली त्या घरी गेलो तेव्हा म्हातारी नव्हती. "बाजाराला गेली," असे कोणी म्हणाले. मला, खोटे कशाला बोलू, सुटल्यासारखे वाटले. २००४ साली तिच्याबद्दल विचारायचे धैर्य झाले नाही. २०१५ साली माझ्याजवळ डिजिटल कॅमेरा होता. रोलचा खर्च नाही, बाराची मर्यादा नाही. तरीही मी वाडीचा एक फोटो काढला नाही. डोळ्यालाच तशी सवय लागली होती. चौकटीत शेळ्या घेऊन पोरगा आला तर तो जाईपर्यंत मी थांबत असे. घरांचे पत्रे, विजेची तार, वाळत घातलेले लुगडे, हे सारे मला फोटो बिघडवणारे वाटे. मला 'शांत डोंगर' हवा होता. शांत म्हणजे निर्मनुष्य, असा मी मनाशी अर्थ लावला होता.

१९ जुलै २०२३

त्या वर्षी जुलैत मुंबईतही पावसाने कहर केला होता. २० तारखेला सकाळी मुलीने बातमी दाखवली. आदल्या रात्री, लोक झोपलेले असताना, इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. तीन दिवसांत तिथे सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. मातीचा ढीग उपसायची मोठी यंत्रे वर नेता येईनात. जवान आणि गावोगावची पोरे कुदळ-फावडी घेऊन, मी ज्या वाटेने धापा टाकीत चढत असे त्याच वाटेने, भर पावसात वर गेली. चार दिवसांनी शोध थांबवला गेला तेव्हा २७ जणांचे मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. वाडीत सारी मिळून सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती.

मी पलंगाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात माझ्या निगेटिव्ह आणि छापलेले फोटो तारखावार ठेवलेले असतात. मुलीने संगणकावरचे काढून दिले. इर्शाळचे एकूण ६१ फोटो निघाले. सुळका सकाळचा, सुळका संध्याकाळचा, नेढ्यातून दिसणारे आकाश, खाली मोरबे धरणाचे पाणी, ढगांतून वर आलेला प्रबळगड. वाडीचा एकही नाही. ज्या ओट्यावर बसून चार वेळा पाणी प्यायलो, तो ओटा नाही. माणूस तर नाहीच.

मग १९८६ चा तो फोटो हातात आला. वाडीच्या वरून, मोहाने काढलेला. क्लिक थ्रीची निगेटिव्ह चौकोनी असे. मी तो फोटो आडवा छापून घेतला होता, वरचे थोडे आकाश आणि खालची पट्टी कापून. निगेटिव्ह खिडकीशी उजेडात धरली आणि पाहिले, तर त्या कापलेल्या पट्टीत एक छप्पर होते. छपराशेजारी एक झाड, आणि झाडाखाली डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई. चेहरा ओळखू येण्याइतका मोठा नव्हता. ती म्हातारी असेल, नसेलही. पण सदतीस वर्षांत इर्शाळवाडीचे माणूस माझ्या कॅमेऱ्यात एकदाच आले होते आणि ते मी कापून टाकले होते.

दिवाळीनंतर मी ती निगेटिव्ह पूर्ण छापून घेतली, मोठी. दरड पडली त्या जागी बाहेरच्या लोकांना जायला बंदी घातली होती, आणि ते योग्यच होते. ती काही पाहायला जाण्याची जागा नव्हे. वाचलेल्या लोकांना चौकजवळ तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवले होते, पुढे त्यांच्यासाठी पक्की घरे बांधण्यात आली. तिकडच्या एका ओळखीच्या शिक्षकांना मी आधी विचारले. ते म्हणाले, "या, पण कॅमेरा आणू नका." मी फक्त फोटो घेऊन गेलो.

एका तरुणाने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हे वरच्या अंगाचं घर. झाड वळखतंय. आमच्याकडं फोटू होते ना. लग्नाचे होते, पोरांचे होते. सगळे फोनात. फोन घरात."

पुढे तो काही बोलला नाही. एका बाईने फोटो हातात घेतला आणि बोटाने छपराची कड गिरवली. तिने मला विचारले, "आनखी हायेत का?"

मी म्हणालो, "नाहीत."

तेवढा एक शब्द बोलायला मला जितका दम लागला, तितका इर्शाळच्या चढाला कधी लागला नव्हता.

आता मी काय करतो

आता माझे वय झाले आहे. उभे चढ होत नाहीत. पण लहानसहान टेकड्या, पायथ्याच्या वाटा अजून धरतो. नियम मात्र बदलले आहेत. डोंगराखालचे पहिले घर लागले की तिथे थांबायचे, विचारायचे, आणि पहिला फोटो त्या घराचा, घरच्यांना ओट्यावर बसवून. डोंगर मागे राहू दे. तसा फोटो चांगलाही येतो. माणूस चौकटीत असले की डोंगर केवढा आहे हे पाहणाऱ्याला कळते. निव्वळ कड्याच्या फोटोत तो शंभर फुटांचा की हजार फुटांचा, काही कळत नाही. परत आल्यावर महिन्याच्या आत तो कागदावर छापून टपालाने पाठवायचा. "परत येताना काढतो" हे वाक्य मी तोंडातून काढून टाकले आहे.

ओझे हलके असावे यात शंका नाही. बारनाकने आम्हा अधू छातीच्या लोकांवर उपकारच केले. पण कॅमेरा हलका झाला म्हणून नजर उथळ होऊन चालत नाही. शांत डोंगर निराळा आणि रिकामा डोंगर निराळा, हे कळायला मला सदतीस वर्षे लागली.

आणि तुम्ही

तुमच्याकडे तर डोंगरही आहे आणि खिशात मोबाइलही आहे. माझ्या क्लिक थ्रीपेक्षा तो किती तरी पटीने चांगला. मग दोन कामे करा, एवढी माझी विनंती आहे.

पहिले काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे. आजी-आजोबांना अंगणात, सकाळच्या तिरप्या उन्हात बसवा. मागे आपला डोंगर येऊ द्या. एक फोटो काढा आणि तालुक्याला गेलात की तो कागदावर छापून आणा. त्याची एक प्रत लेकीच्या सासरी नाहीतर मुंबई-पुण्याच्या भावाकडे ठेवा. फोनमधला फोटो फोनाबरोबर जातो. दुसऱ्या गावी ठेवलेला राहतो.

दुसरे काम डोंगराचे. ज्यांची घरे उताराखाली आहेत त्यांनी एक जागा ठरवावी. देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, शाळेचे फाटक, काहीही. दर वर्षी मे महिन्यात एक, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एक आणि दिवाळीत एक, असे तीन फोटो त्याच जागेवरून काढावेत आणि गेल्या वर्षीच्या फोटोंशी ताडून पाहावेत. आपल्या डोंगरात खाली टणक कातळ आणि वर मुरमाची, मातीची साल असते. अतोनात पाऊस झाला की पाणी मुरत कातळापर्यंत जाते, वरची माती भिजून जड होते आणि घसरते. पुष्कळदा त्याआधी काही खुणा दिसतात. उतारावर नव्या भेगा पडतात. सरळ उभी झाडे आणि विजेचे खांब कलू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, वाढते किंवा आटते. जिथे कधी पाणी नव्हते तिथून ते फुटते. भिंतींना चिरा जातात, दारे-खिडक्या अडकू लागतात. रोज पाहणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही, पण दोन फोटो शेजारी ठेवले की तो लपत नाही.

असे काही दिसले तर फोटो घेऊन ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत जा. तोंडी सांगितलेले विसरले जाते, तारखेचा फोटो विसरता येत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा फोन क्रमांक १०७७ आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. आणि पाऊस कोसळत असताना खुणा दिसल्या तर फोटोच्या नादी लागू नका. माणसे आणि गुरे घेऊन आधी बाजूला व्हा. खुणा दिसल्या नाहीत म्हणजे धोका नाही, असेही समजू नका. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले, तिथे दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये गेले. मग इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलैचाच महिना होता.

आमची चाळ अजून उभी आहे. धुराडी मात्र गेली, गिरण्यांच्या जागी उंच इमारती झाल्या. गच्चीवरून पूर्वेला पाहिले तर दोन मनोऱ्यांच्या मधून तेवढी निळी रेघ अजून दिसते, एक वीतभर. पूर्वी मी तिच्याकडे पाहून कोणता सुळका कुठला हे मोजत असे. आता मनात येते, या वेळी त्याच्याखाली कोणाच्या तरी घरी चूल पेटली असेल.

तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत पाठीवर पिशवी लावलेला कोणी मुंबईकर तुमच्या ओट्यावर धापा टाकीत येईल. त्याला पाणी द्या. तुम्ही देणारच, ते मला सांगायला नको. पण त्याच्या गळ्यात कॅमेरा असला तर त्याला वर जाऊ देण्याआधी सांगा, "पाहुणं, डोंगर कुठं पळून जात नाही. आधी आमचा एक काढा."

तो "परत येताना काढतो" म्हणाला, तर माझी गोष्ट त्याला सांगा.